नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटे

डहाणू
१६ नोव्हेंबर २०२५

भाविनी,

त्या दिवशी चुलीवर चहाचं पाणी ठेवून मी आधी अंगण झाडलं. मग कोंबड्या सोडल्या. बोट पहाटेच लागली होती आणि तुझ्या बाबांनी टोपल्या आणून बांबूच्या मांडवाखाली ठेवल्या होत्या. बोंबील ताजे होते, धरले तर हातातून निसटणारे. मी ते धुतले आणि जोड्या करायला बसले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची, पुढची घ्यायची. लहानपणी तुला दात टोचायचे म्हणून तू शेपटीकडून धरायचीस आणि जोडी सुटून वाळूत पडायची. बाबा ती उचलून पुन्हा धुवायचे. तुला कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी माझ्या दोन दोऱ्या भरल्या असतील. तेवढ्यात बाबा म्हणाले, छातीत कळ येते. मी हात पुसले, स्कूटी काढली, त्यांना मागे बसवलं, हात पुसायच्या हिरव्या फडक्यानं माझ्या कमरेशी बांधलं आणि निघाले. साडेसातला आम्ही दवाखान्यात होतो. तिथे बसवून ठेवलं.

हे मी तुला बाराव्याला सांगितलं होतं. आज लिहून देते आहे, कारण काल पुष्पा तिचा फोन घेऊन आली. तुझा निरोप होता. पोलिसांच्या नोटिशीचा फोटो आणि खाली लिहिलेलं, "आई, ही वेळ बघ. आता सांग." अकरा महिन्यांनी सहा शब्द. मी मोजले.

नोटीस मी चष्मा लावून वाचली. आपली स्कूटी ११ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी दवाखान्यासमोर, गाडी लावायला मनाई असलेल्या जागी उभी होती. दंड पाचशे. भरला नाही म्हणून आता लोकअदालतीत बोलावलं आहे. गाडी घेतली तेव्हा फॉर्म तू भरला होतास आणि फोन नंबर तुझा दिला होतास, म्हणून बाबांच्या नावाची नोटीस तुझ्याकडे गेली.

तू काय म्हणते आहेस ते मला कळलं. दवाखान्याच्या वहीत जमनानं नऊ पंचावन्न लिहिलं आहे आणि पोलिसांच्या मशीनमध्ये नऊ सत्तेचाळीस आहे. दोन्ही जुळतात, माझं साडेसात जुळत नाही. जमना तुझ्याबरोबर नर्सिंगला होती. माझ्या शब्दावर तू तिच्याविरुद्ध लेखी तक्रार केलीस. तिनं वही दाखवली तेव्हा तू मला पुन्हा विचारलंस आणि मी बाबांची शपथ घेतली. तू म्हणालीस, दोघींपैकी एक खोटं बोलते आहे, कोण ते कळेपर्यंत मी या घरात पाय ठेवणार नाही. मग तू तलासरीला गेलीस. तेव्हापासून फोन केला तर आधी ती रेकॉर्डची बाई बोलते, मग तीही बोलत नाही. म्हणून पत्र.

मशीन चुकतं, भाविनी. लाइटचं बिल चुकतं, रेशनचं मशीन माझा अंगठा ओळखत नाही. हा दंड मी भरणार नाही. तक्रार करणार. वेळ चुकीची होती असा शिक्क्याचा कागद मिळाला की तुला पाठवीन. मग तरी ये.

तुझी आई

---

२२ नोव्हेंबर २०२५

भाविनी,

मसोलीला पांड्याच्या दुकानात गेले होते. झेरॉक्स, आधार, लाइट बिल, सगळं करतो तो. आता त्याचेही केस पिकले, पण बाबांकडून पोहायला शिकला म्हणून अजून मला बघून उठून उभा राहतो.

दंडाविरुद्ध तक्रार करायला कोर्टात जावं लागत नाही, हे मला नव्हतं माहीत. पोलिसांच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की दंड दिसतो. त्याखाली तक्रारीची जागा असते. कारण लिहायचं, पुरावा जोडायचा, मग त्यांचा माणूस बघतो आणि रद्द करतो किंवा ठेवतो. तेही पटलं नाही तर लोकअदालत. पांड्यानं तिथला गाडीचा फोटो छापून दिला, काळा-पांढरा, शाई संपत आलेली. त्यात नंबर तेवढा दिसतो, बाकी सगळं चिखल.

त्यानं विचारलं, कारण काय लिहू? मग स्वतःच सांगायला लागला. दवाखान्यासमोरचा तो बोर्ड उसाच्या रसाच्या गाड्यामागे लपलेला असतो, साऱ्या गावाला माहीत आहे. तो फोटो काढून जोडला तर निम्मं काम. आणि दुसरं म्हणजे माणूस मरायला टेकला होता, बाईमाणसानं गाडी कुठे लावायची होती? दवाखान्याचा कागद आणि मृत्यूचा दाखला जोडला तर एका दिवसात माफ करतील.

मी म्हटलं, हे काही लिहायचं नाही. लिही की वेळ चुकीची आहे.

त्यानं कीबोर्डवरचा हात उचलला. "काकी, दंड वेळेचा नसतो, जागेचा असतो. साडेसात असो की साडेनऊ, मनाई ती मनाईच. वेळ चूक म्हणालात तर जागा कबूल केली असं होईल."

"होऊ दे."

"मग दंड कसा सुटेल?"

"तू वेळेचं लिही."

त्यानं लिहिलं. मी दोनदा वाचून घेतलं. एका ठिकाणी त्यानं 'अंदाजे साडेसात' लिहिलं होतं, ते 'अंदाजे' मी काढायला लावलं. अर्ज बाबांच्या नावानं होता आणि खाली अर्जदार म्हणून माझं नाव. मशीन विचारत होतं, वाहनमालक स्वतः आहात का? पांड्यानं 'नाही' दाबलं आणि उगाच स्क्रीन पुसत बसला.

मग त्यानं दवाखान्याचा कागद मागितला. मी म्हटलं, सापडत नाही. शोधते आहे.

दुकानातून निघताना तो म्हणाला, "गणूकाका असते तर म्हणाले असते, पाचशे रुपये टाक आणि ये जेवायला." खरं आहे. बाबा तसेच होते. दंडाचं त्यांना काही वाटलं नसतं. मलाही पाचशेचं काही नाही, हे तुला कळतं ना?

आई

---

१ डिसेंबर २०२५

भाविनी,

तक्रार फेटाळली. पांड्याच्या फोनवर एका ओळीत आलं, पुरावा जोडलेला नाही. तो म्हणतो, वाहतूक शाखेत स्वतः जा, लोकअदालतीच्या आधी गेलात तर माणूस माणसाशी बोलतो. आणि वेळेचं बोलायचं तर वेळेचा साक्षीदार न्या.

मी घरी येऊन पुष्पाकडे गेले. तुला ठाऊक आहे तिचं दार आपल्या मांडवासमोर आहे, कोण कधी आलं, कधी गेलं, तिला घड्याळ लागत नाही. ती सुका जवळा निवडत होती. मी म्हटलं, तू सांगायचं की आम्ही सातनंतर लगेच निघालो.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "वेणूताई, तू सांगशील ते मी सांगेन. दोन मुलांच्या वेळी तू माझ्या उशाशी बसली होतीस. पण मला शपथ घालू नको."

"शपथ कशाला लागते? तू बघितलंस ना?"

"बघितलं म्हणून म्हणते, घालू नको." मग आपली आपणच बोलली, "तिसऱ्या दिवशी ते बोंबील मीच उतरवले. तिन्ही टोपल्यांचे होते. वाळले चांगले."

मला राग आला. मी म्हटलं, बोंबलांचा इथे काय संबंध? तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. मी उठून आले. चार दिवस झाले, आम्ही बोललो नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तू वाचशील आणि म्हणशील, दोन दोऱ्या म्हणाली होती आणि तीन टोपल्या कुठून आल्या. उरलेले मागाहून कुणीतरी टाकले असतील. घरात माणसं आलीच होती.

दिवाळीला जिग्नेशनं सासूला म्हणून एसटीच्या कंडक्टरबरोबर चिकू पाठवले होते, तुला ठाऊक नसेल. परवा त्याचा फोन आला. "मम्मी, टेन्शन नका घेऊ, ती वाचते तुमचे लेटर. कपाटात ठेवते." मी विचारलं, वाचून काय म्हणते? तो म्हणाला, "काही नाही म्हणत. ड्युटीला जाते." मग म्हणाला, जमनाच्या चौकशीत तुला परत बोलावलं आहे. जानेवारीत. तिची पगारवाढ थांबली आहे आणि तिला वॉर्डातून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं आहे.

त्याला ओरडू नको. मी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं.

आई

---

५ डिसेंबर २०२५

भाविनी,

आज वाहतूक शाखेत गेले होते. ज्या बाईंकडे हे काम आहे त्या बंदोबस्ताला गेल्या होत्या, मंगळवारी या म्हणाले. एका शिपायानं सल्ला दिला, "आजी, इथून कोर्टापर्यंत रिक्षाला जेवढे घालवाल तेवढ्यात दंड फिटतो." सगळे हेच सांगतात.

रिकाम्या हातानं परत यायला नको म्हणून दवाखान्यावरून आले. बोर्ड अजून रसाच्या गाड्यामागेच आहे. मी रस्त्यापलीकडे उभी राहून पाहत होते, तेवढ्यात जमना डबा घेऊन बाहेर आली. मला वाटलं, तोंड फिरवेल. ती रस्ता ओलांडून आली. "काकी, उन्हात का उभ्या? गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. ती म्हणाली, जिना चढू नका. आणि गेली.

बस एवढंच. दुसरं काही बोलणं झालं नाही.

दवाखान्याचा कागद हरवलेला नाही. तो पत्र्याच्या पेटीत आहे, बाबांच्या जाळं विणायच्या सुईखाली. पांड्याला मी खोटं सांगितलं. हे एवढं आज लिहून ठेवते.

आई

---

११ डिसेंबर २०२५

भाविनी,

आज वर्ष झालं. तिथीनं झालं तेव्हा भटजींना बोलावून घेतलं होतं, पण माझ्या मनात तारीख आहे.

मंगळवारी गेले तेव्हा त्या बाई जागेवर होत्या. निर्मला हवालदार. माझ्या अर्ध्या वयाच्या, बोलायला कडक, केसांत पेन खोचलेलं. कागद बघून म्हणाल्या, "वाहन मयताच्या नावावर आहे. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "त्यांची बायको. तुम्ही नोटीस त्यांना पाठवली, ते येऊ शकत नाहीत."

त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, पाचशे रुपयांसाठी ही कितवी फेरी?" मी म्हटलं, दुसरी, पांड्याचं दुकान धरलं तर चौथी. त्यांनी खुर्ची दिली. मी माझं पाठ केलेलं सांगितलं. साडेसात, दोन दोऱ्या, फडकं. ऐकताना त्यांचा चेहरा मऊ झाला. मग त्यांनी एक जुनी फाईल काढली आणि मला वाटलं नव्हतं असं काहीतरी बोलल्या.

त्या आठवड्यात फोटो काढायच्या त्यांच्या दोन मशीनची घड्याळं बिघडली होती. कुणाचा दंड तासभर पुढचा, कुणाचा दोन तास. पाच जणांनी तक्रार केली होती, पाचही दंड रद्द झाले. आपला दंड त्यांतल्याच एका मशीनचा होता की नाही, हे आता सांगता येत नाही. पण शंका आहे म्हटल्यावर फायदा तुमचा, असं त्या म्हणाल्या. "मी लिहून देते, मशीनची वेळ खात्रीची नाही. साहेबांची सही घेते, शिक्का मारते. उद्या येऊन घेऊन जा."

म्हणजे झालं होतं, भाविनी. जे मागायला गेले ते मिळत होतं. सरकारी शिक्क्याचा कागद. तू तो बघितला असतास आणि आली असतीस. जमनाची वही राहिली असती, पण एका वहीविरुद्ध एक शिक्का आणि वर आईची शपथ. तू आली असतीस.

मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हीच ना गाडी? एकदा खात्री करा."

तो फोटो मी पहिल्यांदा मोठा आणि रंगीत बघितला. आपली स्कूटी, सीटवर हिरवं फडकं, अजून ओलं. आणि खाली डांबरावर सावली.

मी चाळीस वर्षं मांडवाखाली बसते. आपल्याकडे कोणी घड्याळ बघून मासळी उलटत नाही, बांबूची सावली बघून उलटतात. मार्गशीर्षात साडेसातला सूर्य नुसता वर आलेला असतो. आपल्या मांडवाची सावली अंगण ओलांडून पुष्पाच्या उंबऱ्यावर चढते. त्या वेळी स्कूटीची सावली अख्खा रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर गेली असती. फोटोत ती दीड स्कूटीएवढी होती. आखूड, काळी, काठ स्वच्छ. ती पावणेदहाची सावली आहे. मशीनचं घड्याळ बिघडलं असेल नसेल, ऊन बिघडलं नव्हतं.

निर्मलाबाईंना ते दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "काय झालं मावशी? काम झालं तुमचं, हसा की." मी पाणी मागितलं, प्यायले आणि घरी आले.

आता खरं लिहिते. मला नवीन काही कळलं असं समजू नको. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त सगळीकडे आकडे होते आणि आकड्यांशी भांडता येतं.

टोपल्या तीन होत्या. बाबा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सात वाजायचे होते. मी मान वर केली नाही. म्हटलं, "एवढी दोरी होऊ दे." बोंबील थांबत नाही हे तुला सांगायला नको, ऊन चढायच्या आत दोरीवर गेला नाही तर पाणी सुटून वास धरतो. आणि छातीत दुखणं म्हणजे आपल्याकडे वात. सगळ्यांच्याच छातीत दुखतं, जाळं ओढून ओढून. मी त्यांना ओवा दिला, गरम पाणी दिलं. ते उपड्या क्रेटवर बसले, बांबूला टेकून.

आठच्या सुमाराला म्हणाले, "वेणू, हात जड झालाय." मी म्हटलं, त्याच कुशीवर झोपला असाल. मग विचारलं, "जायचं का? तीनच दोऱ्या राहिल्यात." ते म्हणाले, "कर तू. मी बसलोय."

हे ते खरंच बोलले. वर्षभर मी ते वाक्य जपून ठेवलं होतं, तू कधी घेरलंस तर पुढे करायला. पण मी विचारलंच अशा तऱ्हेनं की माणसाला दुसरं काही बोलता येऊ नये.

आणि ते नुसते बसले नाहीत. मला हातभार म्हणून उजव्या हातानं आणि गुडघ्यानं धरून जोड्या करत राहिले आणि माझ्याकडे देत राहिले. शेवटच्या तीन दोऱ्यांतल्या कितीतरी जोड्या त्यांच्या हातच्या आहेत. मी घेत गेले. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघत होते.

सव्वानऊनंतर एक जोडी त्यांच्या हातातून वाळूत पडली. ती त्यांनी उचलली नाही. तेव्हा मी वर बघितलं.

पुढचं तुला माहीत आहे. फडकं, स्कूटी, रसाचा गाडा. दवाखान्यात कोणी बसवून ठेवलं नाही. जमनानं मला दारातच बघितलं, धावत आली, स्वतः स्ट्रेचर ओढलं. नऊ पंचावन्न तिनं नंतर लिहिलं, आधी त्यांना आत नेलं.

बाराव्याला तू विचारलंस, कधी नेलंस, आणि माझ्या तोंडून साडेसात निघालं. ठरवून निघालं नाही. साडेसातला पोचायला हवं होतं, ती वेळ माझ्या डोक्यात रात्रंदिवस फिरत होती, तीच बाहेर पडली. एकदा बोलल्यावर तिला सांभाळत गेले. दवाखान्यावर ढकललं, मग शपथ, मग पुष्पा, मग मशीन. जमनाचं नाव मी घेतलं नव्हतं, असं मी मनाला सांगायची. नाव घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी खुर्चीवर तीच होती हे मला ठाऊक होतं.

लवकर नेलं असतं तर वाचले असते का, हे तू मला सांगू नको. तू नर्स आहेस, तुला माहीत असेल. मला माहीत नको.

तू येशील असं मी आता धरलेलं नाही. हे वाचून तर नाहीच. पुष्पाकडे काल संध्याकाळी गेले होते. तिनं पाट सरकवला, पण आधीसारखं बोलता आलं नाही.

तर मंगळवारनंतर, दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी काय केलं ते लिहिते.

पहाटे बोट लागली, मी टोपली घेतली नाही. साडेसातला स्कूटी अंगणात उभी केली आणि तिच्यासमोर उपड्या क्रेटवर बसले, बांबूला टेकून, जिथे ते बसले होते. हातात काही घेतलं नाही. स्कूटीची सावली पुष्पाच्या भिंतीवर होती. ती तिथून उतरून अंगणात येईपर्यंत मी बसून राहिले. कोंबड्या आल्या, गेल्या. कोणीतरी हाक मारली, मी ओ दिली नाही. सव्वादोन तासांहून जास्त वेळ होता तो. किती असतो ते मला त्याआधी माहीत नव्हतं. नऊ सत्तेचाळीसला सावली दीड स्कूटीची झाली.

मग मी वाहतूक शाखेत गेले. निर्मलाबाईंनी कागद तयार ठेवला होता, शिक्क्यासकट. मी म्हटलं, नको, वेळ बरोबर आहे. त्या चिडल्या, साहेबांच्या मागे लागून सही आणली होती. मी अर्ज मागे घेते असं लिहून दिलं आणि पाचशे रुपये भरले. पावतीवर त्या दिवशीच्या दंडाची वेळ छापून आली, सकाळी ९.४७. तिच्याखाली मी माझ्या हातानं लिहिलं, ही वेळ खरी आहे, आणि सही केली. पांड्याकडे दोन प्रती काढल्या. तो म्हणाला, "काकी, हरलात?" मी म्हटलं, हो.

दवाखान्याचा, नऊ पंचावन्न लिहिलेला कागद मी पेटीतून आणलाच होता. तो आणि पावतीची एक प्रत केसपेपरच्या खिडकीतून जमनाला दिली. म्हटलं, चौकशीत दे, मला बोलावलं तर मी येईन. तिनं उभ्यानं वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. माझ्यामागे रांग होती, तिनं पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

पावतीची दुसरी प्रत या पाकिटात घातली आहे.

आई